श्रीमती दुर्गाबाई खोटे

इ. स. १९१३ मध्यें दादासाहेब फाळके यांनीं 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट तयार केला, तेव्हां तारामती राणीचें काम करावयास त्यांना स्त्री मिळाली नाहीं. त्यांनीं शोध कमी केला असें नव्हे. ज्यांना समाजानें आधींच आपल्या उंबरठ्याबाहेर ठेवलें होतें, अशा स्त्रियांकडेही विचारणा झाली. पण त्यांनींही हें काम नाकारलें. शेवटीं एका उपाहारगृहांत स्वयंपाकाचें काम करणारे अण्णा साळुंके यांस लुगडें नेसवून पडद्यावरील पहिली तारामती उभी करण्यांत आली. पुढें १९३२ सालीं तीच कथा बोलपटाच्या रूपानें पुन्हां लोकांसमोर आली. या खेपेची तारामती मुंबईच्या एका नामांकित सॉलिसिटरची कन्या होती, सेंट झेवियर्स महाविद्यालयांत शिकलेली होती आणि दोन मुलांची आई होती. या दोन तारामतींच्या मध्यें अवघीं १९ वर्षें आहेत. एवढ्या अवधींत काय घडलें, आणि जें घडलें त्याची किंमत कोणाला मोजावी लागली, हें समजून घ्यावयाचें तर दुर्गाबाई खोटे यांचें चरित्र पाहावें लागतें.

साळुंके यांची हकीकत वर्गांत सांगितली कीं मुलांस हसूं येतें. तें स्वाभाविक आहे. पण त्या काळच्या प्रेक्षकास यांत विशेष हसण्यासारखें कांहीं वाटलें नसावें, कारण रंगभूमीवर स्त्रियांचीं कामें पुरुषांनीं करावयाचीं हा आमच्याकडील रिवाजच होता, आणि बालगंधर्वांसारख्या नटानें तो रिवाज कलेच्या शिखरावर नेऊन बसविला होता. न्यायाची गोष्ट म्हणून येथें हेंही सांगितलें पाहिजे कीं, त्याच १९१३ सालीं फाळक्यांच्या पुढील चित्रपटांत, म्हणजे 'मोहिनी भस्मासुर' यांत, दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई या दोघींनीं कामें केलीं. म्हणजे वाट अगदींच बंद होती असें नाहीं. परंतु त्या वाटेनें जाणाऱ्या स्त्रीस माघारी आपल्या लोकांत येणें कठीण असे. त्यामुळें मूकपटाच्या पुढील काळांत ज्या नट्या नांवारूपास आल्या, त्यांतील पुष्कळशा अँग्लो-इंडियन किंवा यहुदी कुटुंबांतील होत्या. सुलोचना या नांवानें गाजलेल्या नटीचें मूळ नांव रूबी मायर्स. सीतादेवी म्हणून ओळखली जाणारी नटी मूळची रेने स्मिथ.

मूकपटांत हें सहज चालून जाई. नटीस रूप असलें, चेहऱ्यावर भाव उमटविण्याचें कसब असलें, कीं भागत असे. बोलणें पडद्यावर अक्षरांत उमटे. मग १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहांत आर्देशिर इराणी यांचा 'आलम आरा' झळकला आणि एका रात्रींत सारा हिशेब बदलला. आतां पात्रें बोलूं लागलीं. ज्या नटांच्या दंडांत बळ होतें पण जिभेवर भाषा नव्हती, त्यांची पंचाईत झाली. मास्टर विठ्ठल हे मूकपटांतील मोठ्या मानाचे वीरनायक. त्यांचे हिंदुस्थानी उच्चार साफ नसल्यामुळें 'आलम आरा'मध्यें नायक असूनही त्यांच्या वांट्याला फारसें बोलणें ठेविलें नव्हतें. सुलोचनेस हिंदुस्थानी भाषा शिकण्यासाठीं कांहीं काळ पडद्यापासून दूर राहावें लागलें.

त्या वेळीं ध्वनिमुद्रण कसें होई, हें आजच्या विद्यार्थ्यांनीं लक्षांत घेण्यासारखें आहे. आज चित्रपटांतील नटी ओठ हालविते आणि गाणें दुसरीनें म्हटलेलें असतें. ही पार्श्वगायनाची सोय आमच्याकडे १९३५ सालीं कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सनें 'धूपछांव' या चित्रपटांत प्रथम अंगीकारिली. त्यापूर्वीं जो दिसे त्यानेंच बोलावयाचें व त्यानेंच गावयाचें, तेंही कॅमेरा चालू असतांना, एकाच दमांत. आवाज टिपणारें यंत्र झाडाझुडपाआड किंवा पात्रांच्या आसपास कोठें तरी दडविलेलें असे. पात्र त्यापासून दूर सरकलें कीं आवाज क्षीण होई. वाद्यें वाजविणारेही चित्राच्या चौकटीबाहेर जवळपासच बसत. 'आलम आरा'चें चित्रण ज्या ठिकाणीं झालें, त्याच्या शेजारून आगगाडीचा रस्ता होता. म्हणून गाड्या थांबल्यावर, उत्तररात्रीं, काम चाले. मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत चित्रपट काढावयाचा झाल्यास प्रत्येक प्रसंग दोनदां करावा लागे, कारण एका भाषेंतील चित्रावर दुसऱ्या भाषेंतील बोलणें चढविण्याची सोय नव्हती. यावरून ध्यानीं येईल कीं, बोलपटास आतां अशी स्त्री हवी होती, जिची वाणी शुद्ध आहे, जिला पाठ केलेलें अर्थासह बोलतां येतें आणि थोडेंफार गातांही येतें. अशा स्त्रिया होत्या. पण त्या होत्या प्रतिष्ठित घरांत, आणि त्या घरांचीं दारें चित्रपटाकडे उघडत नव्हतीं.

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ रोजीं मुंबईंत झाला. माहेरचें नांव विठा लाड. लाड हें मूळचें गोव्याकडील घराणें. घरांत कोंकणी बोलत. वडील पांडुरंगराव लाड हे सॉलिसिटर होते. कांदेवाडींतील मोठ्या एकत्र कुटुंबांत त्या वाढल्या. कॅथीड्रल शाळेंत आणि नंतर सेंट झेवियर्स महाविद्यालयांत त्यांचें शिक्षण झालें. घरीं कोंकणी, बाहेर मराठी आणि शाळेंत इंग्रजी अशा तीन भाषांच्या वाऱ्यांत वाढलेल्या मुलीची जीभ कशी घडते, हें भाषा शिकविणाऱ्या शिक्षकास निराळें सांगावयास नको. महाविद्यालयांत असतांनाच त्यांचा विवाह खोटे यांच्या संपन्न घराण्यांत झाला. पती विश्वनाथ खोटे हे यंत्रशास्त्राचे पदवीधर होते. बकुल आणि हरिन असे दोन पुत्र झाले. येथपर्यंत ही कथा त्या काळच्या कोणत्याही सुखवस्तु मुंबईकर घरांतील वाटावी अशी आहे. परंतु सासरची सांपत्तिक स्थिति ढासळली, आणि भर तारुण्यांत वैधव्यही नशिबीं आलें. दोन लहान मुलांच्या पोटाचा प्रश्न पुढें उभा राहिला. माहेरीं राहतां आलें असतें. पण दुसऱ्याच्या ताटांतील घांस, मग तो बापाच्या ताटांतील कां असेना, किती दिवस गोड लागावा? चित्रपटांत त्या शिरल्या त्या हौसेनें नव्हे, कीर्तीच्या लोभानें नव्हे. चार पैसे मिळवावयास शिरल्या. त्यांच्याविषयीं लिहिणारे पुष्कळदां त्यांच्या राजस रूपापासून आरंभ करितात. मला आरंभ येथून करावासा वाटतो.

पहिला अनुभव कडू निघाला. १९३१ सालीं मोहन भवनानी यांनीं 'फरेबी जाल' हा चित्रपट काढला. बोलपटाची लाट आलेली पाहून त्यांत बोलका भाग जोडण्यांत आला, आणि त्या भागांत दुर्गाबाईंस कांहीं मिनिटांची भूमिका मिळाली. संपूर्ण चित्रपट कसा आहे, त्यांत काय दाखविलें आहे, हें त्यांना ठाऊक नव्हतें. जाहिरातींत मात्र लाडांची कन्या आणि खोट्यांची सून पडद्यावर येत आहे, याचा डांगोरा पिटण्यांत आला. त्यांच्या कामाची किंमत कांहींच नव्हती. किंमत होती ती दोन घराण्यांच्या नांवांची. चित्रपट हलक्या दर्जाचा निघाला आणि ज्ञातींत गहजब झाला. माहेर आणि सासर दोहोंकडून दूषणें आलीं. विद्यार्थिमित्रहो, येथें क्षणभर थांबावें. ज्यांनीं तो चित्रपट बनविला आणि ज्यांनीं तो विकला, त्यांच्याकडे कोणी बोट दाखविलें नाहीं. सारी अपकीर्ति ज्या बाईनें कांहीं मिनिटें काम केलें तिच्या माथीं आली. दुसरी एखादी असती तर घराबाहेर तोंड काढण्यासही धजली नसती.

अशा वेळीं व्ही. शांताराम यांजकडून बोलावणें आलें. प्रभात फिल्म कंपनी ही १९२९ सालीं कोल्हापुरांत स्थापन झालेली संस्था. शांताराम, विष्णुपंत दामले, फत्तेलाल आणि धायबर हे तिचे भागीदार बाबुराव पेंटर यांच्या कलाशाळेंत तयार झालेले, आणि सीतारामपंत कुलकर्णी हे पांचवे. प्रभातला आपला पहिला बोलपट काढावयाचा होता: मराठींत 'अयोध्येचा राजा' आणि हिंदींत 'अयोध्या का राजा'. हरिश्चंद्राच्या भूमिकेंत गोविंदराव टेंबे, संगीतही त्यांचेंच. तारामतीसाठीं दुर्गाबाईंची निवड झाली. एकदां तोंड पोळलेल्या कुटुंबानें पुन्हां या वाटेस जाऊं देणें सोपें नव्हतें. त्या गेल्या. मुंबईच्या सॉलिसिटरची कन्या कोल्हापुरास राहिली, तोंडाला रंग लावून उभी राहिली, दोन्ही भाषांतील संवाद तिनें घोकले आणि आपलीं गाणीं आपल्याच कंठानें म्हटलीं.

चित्रपट १९३२ च्या फेब्रुवारींत मुंबईच्या मॅजेस्टिकमध्यें लागला. राजा हरिश्चंद्राची कथा आपण सारे जाणतों. सत्यासाठीं राज्य गेलें, काशीच्या बाजारांत राणी विकली गेली, पुत्र रोहिदास सर्पदंशानें मेला, आणि त्याच्या देहाला अग्नि द्यावयास आलेल्या आईपाशीं स्मशानांतील पहारेकऱ्यानें कर मागितला. तो पहारेकरी तिचाच पति. आतां कल्पना करा, कीं ही भूमिका करणारी स्त्री स्वतः वैभवांतून उतरलेली आहे, तिला दोन मुलगे आहेत आणि ज्ञातींत तिच्या नांवाचा नुकताच लिलाव झालेला आहे. अभिनयाचें मर्म नुसत्या आपबीतींत असतें असें मी म्हणत नाहीं. तसें असतें तर प्रत्येक दुःखी माणूस नट झाला असता. परंतु बाजारांत उभी केलेली राणी मान खालीं घालीत नाहीं, हें दाखवावयास जी ऐट लागते, ती रंगपेटींतून मिळत नाहीं. प्रेक्षकांनीं तारामतीस डोक्यावर घेतलें. कालपर्यंत ज्यांना लाज वाटत होती, त्यांतील कित्येक आतां अभिमानानें नातें सांगूं लागले असतील, तर तोही जगाचा रिवाजच आहे.

याचा परिणाम एका बाईपुरता राहिला नाहीं. दुर्गाबाईंच्या पाठोपाठ शिकलेल्या घरांतील इतर मुली या व्यवसायांत येऊं लागल्या. लीला चिटणीस, वनमाला, शोभना समर्थ या साऱ्या पुढील कांहीं वर्षांतील. त्या प्रत्येकीची अडचण निराळी, पण घरांत वाद होई तेव्हां दुर्गाबाईंचा दाखला देण्याची सोय झाली होती.

प्रभातच्याच 'मायामच्छिंद्र' या १९३२ मधील चित्रपटांत त्या स्त्रीराज्याच्या राणी झाल्या. या राणीच्या जवळ चित्ता असे. सेवकाऐवजीं जनावर जवळ बाळगणारी ही राणी लोकांच्या स्मरणांत राहिली. परंतु याहून महत्त्वाची गोष्ट पडद्याबाहेर घडली. त्या काळीं चित्रपटसंस्थेंत नट म्हणजे मासिक पगाराचा नोकर. हजेरी लागे, करार असे, आणि दुसऱ्या संस्थेचें काम करतां येत नसे. दुर्गाबाईंनीं हें बंधन मानलें नाहीं. प्रभातशीं स्नेह ठेवून त्यांनीं निरनिराळ्या संस्थांकडे एकेका चित्रपटापुरतें काम करण्याची रीति स्वीकारिली. असें करणाऱ्या पहिल्या कांहीं कलावंतांत त्यांची गणना होते. यांत धोका उघड आहे. चित्रपट नाहीं तर पैसा नाहीं, आणि घरीं दोन मुलें. पण भूमिका निवडण्याचा आणि नाकारण्याचा हक्क आपल्या हातीं राहतो. 'फरेबी जाल'चा धडा त्या विसरल्या नव्हत्या, असें मला वाटतें.

या स्वातंत्र्यामुळें त्या कलकत्त्यास गेल्या. तेथें देवकी बोस यांच्या दिग्दर्शनाखालीं न्यू थिएटर्सचा 'राजरानी मीरा' १९३३ सालीं आणि ईस्ट इंडिया फिल्म कंपनीचा 'सीता' १९३४ सालीं झाला. 'सीता' चित्रपट इटलींतील व्हेनिस येथील चित्रपट-महोत्सवांत दाखविण्यांत आला आणि त्यास मानपत्र मिळालें. १९३४ च्या बिहारमधील भूकंपाच्या पार्श्वभूमीवर काढलेल्या 'इन्किलाब'मध्येंही त्या होत्या. त्यांतच राज कपूर हा दहा-अकरा वर्षांचा मुलगा प्रथम पडद्यावर दिसला. त्याचा पुढें पुन्हां संबंध येईल.

१९३६ सालीं त्या प्रभातकडे परतल्या त्या 'अमरज्योति'साठीं. तोंपर्यंत प्रभातचें बिऱ्हाड कोल्हापुराहून पुण्यास आलें होतें. माझ्या मतें दुर्गाबाईंच्या तरुण वयांतील भूमिकांत हीच सर्वांत धारदार होय. सौदामिनी ही एका राज्यांतील स्त्री. आपलें मूल आपणांस मिळावें एवढीच तिची मागणी. न्यायाधिकारी तिला सांगतात कीं, कायद्यानें पत्नी ही पतीची दासी, मुलावर तिचा हक्क नाहीं. त्यानंतर ती न्यायासनाची वाट सोडून समुद्रावर चांचेगिरी पत्करते आणि त्या राज्याचीं गलबतें लुटूं लागते. कथा काल्पनिक, वेष भरजरी, समुद्र आणि जहाजें रंगमंदिरांत उभारलेलीं. पण आंतील प्रश्न काल्पनिक नव्हता. १९३६ सालीं आमच्या देशांत आईच्या हक्काविषयींचा कायदा कितपत उदार होता, हें कोणत्याही वकिलास विचारावें. सौदामिनीच्या सूडाचें समर्थन चित्रपट करीत नाहीं, आणि तें योग्यच आहे. पण तिचा प्रश्न खोडूनही काढीत नाहीं. हा चित्रपटही व्हेनिसला गेला. शांता आपटे, वासंती आणि चंद्रमोहन यांचींही कामें त्यांत आहेत. तरी दृष्टि सौदामिनीवरून हालत नाहीं.

यानंतर त्यांनीं 'साथी' या चित्रपटाच्या निमित्तानें निर्मितींतही हात घातला. स्त्रीनें भांडवलाची व हिशेबाची जबाबदारी घेणें ही त्या वेळीं अपूर्वाईची गोष्ट होती.

नट्यांच्या आयुष्यांत एक कठीण वळण येतें. नायिकेचें वय सरतें आणि आरसा तें सांगावयास लागतो. पुष्कळजणी आरशाशीं भांडत बसतात. दुर्गाबाईंनीं तें भांडण मांडलेंच नाहीं. आचार्य अत्रे यांच्या 'पायाची दासी' या १९४१ मधील चित्रपटांत त्यांनीं सासूची भूमिका घेतली. त्या वेळीं त्यांचें वय ३६ होतें. ती सासू खाष्ट आहे, सुनेस छळणारी आहे, प्रेक्षकांचे शिव्याशाप घेणारी आहे. पुढील वर्षीं विजय भट्ट यांच्या 'भरतभेट' चित्रपटांत त्या कैकेयी झाल्या. सीतेचें काम केलेल्या नटीनें कैकेयी पत्करावी, यांत केवढा आत्मविश्वास! लागोपाठ या दोन्हीं भूमिकांबद्दल, म्हणजे हिंदींतील 'चरणों की दासी' आणि 'भरत मिलाप' यांबद्दल, बंगालमधील चित्रपट-पत्रकारांच्या संघानें त्यांस उत्कृष्ट अभिनेत्रीचें पारितोषिक दिलें. सोहराब मोदी यांच्या 'पृथ्वीवल्लभ'मधील मृणालवती ही १९४३ ची. ती पाहिली म्हणजे कठोर मुद्रेआड कोंडलेलें मन कसें दाखवावें, याचा पाठ मिळतो.

रंगभूमीही त्यांनीं सोडली नाहीं. खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'मधील आनंदीबाई आणि शेक्सपिअरच्या मॅकबेथवरून शिरवाडकरांनीं रचलेल्या 'राजमुकुट' नाटकांतील राणी या त्यांच्या नांवाजलेल्या भूमिका. राज्यलोभानें पेटलेल्या या दोन्हीं स्त्रिया. सात्त्विक तारामतीनें जिनें नांव मिळविलें, तिनें या भूमिका मागून घ्याव्या हें मला फार बोलकें वाटतें. संगीत नाटक अकादमीनें १९५८ सालीं त्यांचा गौरव केला.

१९६० मधील 'मुघले आझम' आजच्या विद्यार्थ्यांनींही पाहिलेला असतो. त्यांत अकबराची राणी जोधाबाई दुर्गाबाई आहेत. एका बाजूस बादशहा पति, दुसऱ्या बाजूस बंडखोर पुत्र, आणि दोघांमध्यें ही स्त्री. पृथ्वीराज कपूर यांचा आवाज दगडी महालांत घुमतो. त्यापुढें आवाज न चढवितां उभें राहणें हें दुर्बळ नटीचें काम नव्हे. हे पृथ्वीराज 'सीता'मध्यें त्यांचे राम होते. आणि 'इन्किलाब'मधील तो मुलगा, पृथ्वीराजांचा पुत्र राज कपूर, यानें १९७३ सालीं 'बॉबी' काढला, तेव्हां मिसेस ब्रगांझा या गोवेकर ख्रिस्ती आजीच्या भूमिकेसाठीं त्यांनाच बोलाविलें. आम्हां ख्रिस्ती मंडळींचें हिंदी चित्रपटांतील दर्शन बहुधा बाटली आणि गिटार यांपलीकडे जात नाहीं, आणि 'बॉबी'ही त्या दोषापासून सर्वस्वीं मुक्त नाहीं. पण ती आजी मात्र खरी आहे. दुसऱ्याच्या घरचें मूल पोटच्याप्रमाणें वाढविलेली, आपला मान राखणारी. मूळच्या गोव्याकडील घराण्यांतील, कोंकणी कानांवर घेत वाढलेल्या बाईस ती आजी परकी वाटली नसावी. पुढील वर्षीं 'बिदाई'मधील आईच्या कामाबद्दल त्यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळालें.

पडद्यावर इतक्या मातांचीं दुःखें वठविणाऱ्या या बाईंना स्वतःच्या घरींही धाकट्या मुलाचा, हरिनचा, अकालीं मृत्यु पाहावा लागला. त्यानंतरही त्यांनीं काम सोडलें नाहीं. लघुपट व जाहिरातपट तयार करणारी संस्था त्यांनीं पुष्कळ वर्षें चालविली. दूरदर्शनवर १९८८ सालीं घरोघर पाहिली गेलेली 'वागले की दुनिया' ही मालिका त्यांच्याच संस्थेची. भारत सरकारनें १९६८ सालीं पद्मश्री दिली आणि १९८३ चें दादासाहेब फाळके पारितोषिकही त्यांस मिळालें. ज्या फाळक्यांना तारामती मिळाली नव्हती, त्यांच्याच नांवाचा हा सन्मान. त्याच सुमारास, १९८२ सालीं, 'मी, दुर्गा खोटे' हें त्यांचें आत्मचरित्र प्रसिद्ध झालें. २२ सप्टेंबर १९९१ रोजीं त्यांचें निधन झालें.

'आलम आरा'ची एकही प्रत आज शिल्लक नाहीं. त्या चित्रपटांतील जुबेदा काय बोलली, कशी बोलली, हें आतां कोणासही ऐकतां यावयाचें नाहीं. 'अयोध्येचा राजा' मात्र राहिला आहे. भारतांतील उपलब्ध बोलपटांपैकीं तो अगदीं जुना समजला जातो. चित्रें धूसर झालीं आहेत, आवाजांत खरखर आहे, आणि नट यंत्राच्या धाकानें जागच्या जागीं उभे आहेत, हेंही जाणवतें. पण तारामती बोलूं लागली कीं तिचा शब्द न् शब्द कळतो.